मॅल मूर: साहाय्यक प्रशिक्षक क्रीडासंचालक होतो तेव्हा

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, टस्कलूसाच्या ब्रायंट-डेनी स्टेडियमबाहेर पाच मुख्य प्रशिक्षकांचे पुतळे आहेत. अलाबामा विद्यापीठाला कॉलेज फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारे हे पाच जण. त्यातल्या तिघांच्या, म्हणजे बेअर ब्रायंट, जीन स्टॉलिंग्ज आणि निक सेबन यांच्या काळातल्या विजेतेपदांपैकी दहांच्या वेळी एक माणूस तिथे होता. १९६१ला खेळाडू म्हणून, पुढे साहाय्यक प्रशिक्षक म्हणून आणि शेवटी क्रीडासंचालक म्हणून. मॅल मूर त्यांचं नाव. त्यांचा पुतळा नाही, कारण ते मुख्य प्रशिक्षक कधी झालेच नाहीत.

फुटबॉल म्हणजे अर्थात अमेरिकन फुटबॉल. हेल्मेट आणि खांद्यावर पॅड चढवून खेळायचा. अलाबामा राज्यात एनएफएल या मुख्य व्यावसायिक लीगचा एकही संघ नाही. त्यामुळे सगळं प्रेम आणि सगळं वैर अलाबामा आणि ऑबर्न या दोन विद्यापीठांच्या संघांत वाटलेलं. अशा ठिकाणी क्रीडासंचालक हे पद कागदोपत्री प्रशासकीय असलं तरी प्रत्यक्षात राजकीय असतं. सगळ्या खेळांचे प्रशिक्षक नेमायचे आणि काढायचे, देणगीदार सांभाळायचे, इमारती उभ्या करायच्या, एनसीएए या नियामक संस्थेपुढे उत्तरं द्यायची आणि वर विद्यापीठाच्या अध्यक्षांना व विश्वस्तांना खूश ठेवायचं.

तीसेक वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली काम केलेला माणूस या खुर्चीत बसला की काय होतं, हे बघायला मूर यांच्याइतकं चांगलं प्रकरण मला दुसरं दिसत नाही. त्यांच्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक आणि सर्वांत मोठं काम, दोन्ही त्या जुन्या सवयीतूनच आलं असं माझं मत आहे.

ब्रायंटच्या हाताखाली

मूर यांचा जन्म १९ डिसेंबर १९३९चा, दक्षिण अलाबामातल्या डोझियर नावाच्या खेड्यातला. १९५८ साली ब्रायंट अलाबामाला मुख्य प्रशिक्षक म्हणून आले, त्याच वर्षी मूरही आले. जागा क्वार्टरबॅकची, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हाती असलेल्या खेळाडूची, पण राखीव. पुढे पॅट ट्रॅमल होता आणि तो गेल्यावर जो नेमथ आला. या दोघांमध्ये सापडलेल्या मुलाला मैदानावर किती वेळ मिळणार? १९६१चा तो संघ ११ सामने खेळला, अकराही जिंकला आणि अख्ख्या हंगामात त्याने फक्त २५ गुण दिले. मूर त्या संघात होते, इतकंच.

राखीव क्वार्टरबॅकचं एक असतं. खेळायला मिळत नाही, पण डावपेच मात्र सगळे पाठ लागतात, कारण कधी आत जावं लागेल याचा नेम नसतो. असे खेळाडू पुढे बरेचदा प्रशिक्षणाकडे वळतात. मूर १९६३चा हंगाम मोंटाना स्टेट विद्यापीठात काढून १९६४ला परत आले आणि ब्रायंट निवृत्त होईपर्यंत त्यांच्याच हाताखाली राहिले. सुरुवातीची वर्षं त्यांनी बचावातल्या मागच्या फळीला शिकवण्यात घालवली.

मग १९७१ आलं. त्याआधीची दोन वर्षं अलाबामाला वाईट गेली होती. १९७०च्या सप्टेंबरात सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने बर्मिंगहॅममध्ये येऊन ४२-२१ असं धुतलं होतं. ब्रायंट यांनी १९७१च्या उन्हाळ्यात टेक्सास विद्यापीठाचे प्रशिक्षक डॅरेल रॉयल यांच्याकडून विशबोन नावाची रचना शिकून घेतली. हंगाम तोंडावर असताना त्यांनी साहाय्यकांना बोलावून सांगितलं की आता हेच खेळायचं. आक्रमणाची पद्धत हंगामाच्या तोंडावर मुळापासून बदलणं म्हणजे जुगारच. मूर यांना त्यांनी बचावातून उचलून क्वार्टरबॅकच्या शिकवणीला लावलं.

विशबोनमध्ये क्वार्टरबॅकच्या पाठीमागे फुलबॅक आणि त्याच्या मागे दोन अंगांना दोन हाफबॅक उभे राहतात. हे तिघे चेंडू घेऊन धावणारे. चेंडू हातात आला की क्वार्टरबॅक तो फुलबॅकच्या पोटाशी नेतो. समोरच्या एका बचावपटूला मुद्दामच कुणी अडवत नाही. तो फुलबॅकवर झेपावला तर क्वार्टरबॅकने चेंडू काढून घेऊन बाहेरच्या अंगाने पळायचं. तो बाहेरच थांबला तर चेंडू फुलबॅककडे राहू द्यायचा. बाहेर पळताना पुढचा बचावपटू अंगावर आलाच, तर चेंडू बाजूने धावणाऱ्या हाफबॅककडे टाकायचा. तीन वाटा, आणि निवड धावता धावता, डोळ्याचं पातं लवायच्या आत. हे फळ्यावर काढून दाखवता येतं, पण क्वार्टरबॅकच्या पायांत आणि मनगटांत उतरवायला रोज तेच ते शेकडो वेळा करून घ्यावं लागतं. ते काम मूर यांचं होतं.

सराव बंद दाराआड चालला. पत्रकारांचा दौरा आला त्या दिवशी अलाबामाने निर्विकार चेहऱ्याने जुनीच रचना खेळून दाखवली. १० सप्टेंबर १९७१च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये सदर्न कॅलिफोर्नियासमोर विशबोन पहिल्यांदा बाहेर काढला आणि १७-१० असा सामना जिंकला. तो हंगाम अकरा विजयांचा ठरला. १९७५ला मूर यांना आक्रमण-समन्वयक हे पद मिळालं. ब्रायंट यांच्या काळात तोवर असं स्वतंत्र पद कुणाला दिलेलं नव्हतं. १९७३, १९७८ आणि १९७९ची विजेतेपदं याच रचनेवर आली. वर्तमानपत्रांत नाव अर्थातच ब्रायंट यांचं यायचं आणि तसं येण्यात मूर यांना काही वावगं वाटत होतं असं दिसत नाही.

डावललं जाणं

डिसेंबर १९८२मध्ये ब्रायंट ३२३ विजयांवर थांबले आणि महिनाभरात, २६ जानेवारी १९८३ला, वारले. त्यांच्या जागी आपण यावं अशी मूर यांची इच्छा होती. अठरा-एकोणीस वर्षं तिथे घालवलेल्या समन्वयकाला तसं वाटलं तर नवल नाही. विद्यापीठाने रे पर्किन्सना आणलं. तेही ब्रायंटचेच खेळाडू, पण न्यूयॉर्क जायंट्सचे मुख्य प्रशिक्षक म्हणून नाव कमावून आलेले. पर्किन्सनी विशबोन मोडीत काढला आणि त्यासोबत मूर यांची जागाही गेली.

पुढची सात वर्षं त्यांनी बाहेर काढली. आधी नोत्र दाम विद्यापीठात जेरी फॉस्ट यांच्याकडे, मग सेंट लुइस आणि नंतर फिनिक्सला गेलेल्या कार्डिनल्स या व्यावसायिक संघात जीन स्टॉलिंग्ज यांच्याकडे. १९९०ला स्टॉलिंग्ज अलाबामाचे मुख्य प्रशिक्षक झाले तेव्हा मूरही आक्रमण-समन्वयक म्हणून सोबत परतले.

१९९२च्या संघाची खरी ताकद बचावात होती. मूर यांचं आक्रमण म्हणजे चेंडू सांभाळा, जमिनीवरून चला, चूक करू नका. प्रेक्षक कुरकुरायचे. १ जानेवारी १९९३च्या शुगर बोलमध्ये, राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात, मायामी विद्यापीठाविरुद्ध क्वार्टरबॅक जे बार्करने हवेतून मिळवलेलं एकूण अंतर होतं १८ यार्ड. पूर्ण सामन्यात अठरा! तरी अलाबामाने ३४-१३ असं हरवलं, कारण आपल्या बचावाला साथ देईल तेवढंच आक्रमण करायचं हे आधीच ठरलेलं होतं. स्वतःचं आक्रमण झळकावं असा हट्ट धरणारा समन्वयक तो सामना तसा खेळला नसता.

त्या सुमारास घरात वेगळीच गोष्ट सुरू होती. पत्नी शार्लट यांना कमी वयातच अल्झायमर जडला होता. साहाय्यक प्रशिक्षकाचं निम्मं आयुष्य गाडीत जातं. शाळकरी खेळाडूंच्या घरी जायचं, त्यांच्या आईवडिलांसमोर बसायचं, पुन्हा पुढच्या गावाला. उरलेला वेळ सामन्यांच्या फिती बघण्यात. आजारी बायकोला घरी ठेवून हे जमणार नव्हतं. १९९४ला मूर यांनी मैदान सोडलं आणि क्रीडाखात्यात सहसंचालक म्हणून टेबलाशी बसले. तीस वर्षांच्या प्रशिक्षणाचा शेवट कुठल्या पराभवाने किंवा बढतीने नाही, तर घरच्या आजारपणाने झाला. शार्लट पुढे सोळा वर्षं जगल्या.

खुर्ची

नोव्हेंबर १९९९ मध्ये अध्यक्ष अँड्र्यू सोरेन्सन यांनी मूर यांना क्रीडासंचालक नेमलं. वय ५९. आधीचे संचालक बॉब बॉकरथ वादात जाऊन पायउतार झाले होते. मूर यांच्या नेमणुकीचं कौतुक फारसं झालं नाही. व्यवस्थापनाची पदवी नाही, मुख्य प्रशिक्षक म्हणून संस्था चालवल्याचा अनुभव नाही. ब्रायंटचा माणूस एवढंच भांडवल, अशी टीका झाली. ती अगदीच चुकीची होती असं म्हणवत नाही.

त्यातून वाट्याला आलेलं खातं अडचणीत होतं. २००० सालचा संघ हंगामाआधी देशात तिसरा मानला जात होता. तो ३ सामने जिंकून ८ हरला. घरच्या मैदानावर, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या दिवशी, सेंट्रल फ्लोरिडाकडून ४०-३८ असा. मुख्य प्रशिक्षक माइक डुबोस गेले. पाठोपाठ मेम्फिसच्या एका शाळकरी खेळाडूला मिळवण्यासाठी एका धनिक पाठीराख्याने त्याच्या शाळेच्या प्रशिक्षकाला पैसे दिल्याचं प्रकरण एनसीएएपुढे गेलं. १ फेब्रुवारी २००२ला निकाल लागला: पाच वर्षं देखरेख, दोन हंगाम बोल सामन्यांवर, म्हणजे हंगामानंतरच्या मानाच्या सामन्यांवर, बंदी आणि तीन वर्षांत मिळून २१ शिष्यवृत्त्या कमी. संघाला तेव्हा एका वेळी जास्तीत जास्त ८५ शिष्यवृत्त्या देता यायच्या. त्यातल्या २१ गेल्या की पहिल्या वर्षी फरक जाणवत नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी, बदली खेळाडू आत पाठवायची वेळ येते तेव्हा, बाकावर कुणी नसतं. समिती तर संघच काही काळ बंद करण्याच्या विचारापर्यंत गेली होती.

अशा संघासाठी मुख्य प्रशिक्षक शोधायचा होता आणि मूर यांना हे काम सहा-सात वर्षांत चार वेळा करावं लागलं.

पहिले डेनिस फ्रँचिओनी, टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठातून आलेले. काम उत्तम केलं. २००२ला १० विजय मिळवले, तेही बोल सामना नाही हे माहीत असताना. विद्यापीठाने वाढीव करार पुढे केला, पण त्यावर सही झालीच नाही. हंगाम संपताच ते टेक्सास ए अँड एमला निघून गेले, आणि खेळाडूंचा निरोप घ्यायलाही टस्कलूसाला परतले नाहीत. बंदी सोसून थांबलेल्या पोरांना हे फार लागलं.

दुसरे माइक प्राइस, वॉशिंग्टन स्टेटहून. एकही सामना न खेळवता गेले. मे २००३मध्ये फ्लोरिडातल्या पेन्साकोला इथल्या एका रात्रीच्या वर्तनावरून नवे अध्यक्ष रॉबर्ट विट यांनी त्यांना काढून टाकलं. गंमत अशी की याही वेळी करारावर सही झालेली नव्हती. आधीच्या खेपेला सही नसल्याने माणूस हातचा गेला होता, या खेपेला सही नसल्याने विद्यापीठ मोठ्या भरपाईतून सुटलं. नशीब म्हणायचं, कारभार म्हणायचा नाही.

क्रूम यांचं काय?

प्राइस गेले ३ मे २००३ला. हंगाम चार महिन्यांवर. मूर यांनी पाच दिवसांत नवा माणूस नेमला. मैदानात तिघे होते आणि तिघेही अलाबामाचेच माजी खेळाडू: रिचर्ड विल्यमसन, सिल्व्हेस्टर क्रूम आणि माइक शुला. दोन बाहेरच्यांनी पोळल्यावर घरचा माणूस हवा ही भावना समजण्यासारखी आहे.

क्रूम मूळचे टस्कलूसाचेच, सत्तरच्या दशकात संघाचे सेंटर. म्हणजे विशबोन सुरू व्हायचा तो चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात देणारा माणूस. मूर यांनी शिकवलेल्या क्वार्टरबॅकना चेंडू क्रूम यांच्याकडून मिळायचा. पुढे क्रूम ब्रायंटचे साहाय्यक झाले, तेव्हा दोघे एकाच कचेरीत सहकारी होते. त्यानंतर क्रूम यांनी व्यावसायिक लीगमध्ये अनेक वर्षं साहाय्यक म्हणून काढली. २००३ला ते ग्रीन बेच्या संघात होते. वर्णभेदाच्या भिंती मोडत अलाबामात खेळलेल्या पहिल्या काही कृष्णवर्णीयांपैकी ते एक. आग्नेय विभागाच्या एसईसी या संघटनेत तोवर एकही कृष्णवर्णीय मुख्य फुटबॉल प्रशिक्षक झालेला नव्हता.

शुला ३७ वर्षांचे. मायामी डॉल्फिन्समध्ये क्वार्टरबॅकना शिकवत होते, मुख्य प्रशिक्षकाचा अनुभव शून्य. वडील डॉन शुला, व्यावसायिक लीगमधलं मोठं नाव. १९८०च्या दशकात अलाबामाचे क्वार्टरबॅक म्हणून लोकांच्या आवडीचे.

मूर यांनी शुलांना घेतलं. नागरी हक्क चळवळीचे नेते जेसी जॅक्सन यांनी जाहीर टीका केली. क्रूम डिसेंबरात मिसिसिपी स्टेटचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि एसईसीतले पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक ही नोंद अलाबामाऐवजी त्यांच्या नावावर मिसिसिपीत झाली.

मला या सगळ्या प्रकरणात हीच जागा सर्वांत जास्त खटकते. १९८२ला मूर यांना डावललं ते दुसऱ्याकडे झळाळणारं नाव होतं म्हणून. वर्षानुवर्षं हाताखाली राबलेल्या माणसाला वरची जागा का मिळत नाही, हे मूर यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? आणि तेच मूर पंचविशीभर राबलेल्या साहाय्यकाला बाजूला ठेवून नाव आणि चेहरा निवडतात. निर्णय एकट्याचा नव्हता हे खरं. अध्यक्ष होते, विश्वस्त होते, देणगीदारांचे फोन होते. पण शिफारस करायची आणि समर्थनाला उभं राहायचं ते संचालकानेच. इथे साहाय्यकाची सवय नडली असं मला वाटतं. वरच्यांचा आणि भोवतालच्यांचा कल ओळखून त्याप्रमाणे योजना आखायची, त्या कलाविरुद्ध जायचं नाही. मैदानावर याच सवयीने शुगर बोल जिंकून दिला होता.

शुला यांच्या बाजूने हेही सांगायला हवं की शिष्यवृत्त्यांची कात्री नेमकी त्यांच्याच वर्षांत लागली. २००३ला ४ विजय आणि ९ पराभव. २००५ला मात्र १० विजय. पण ऑबर्नविरुद्धचे चारही सामने हरले, आणि अलाबामात हा गुन्हा माफ होत नाही. नोव्हेंबर २००६मध्ये मिसिसिपी स्टेटचा संघ टस्कलूसाला आला. त्या हंगामात तीनच सामने जिंकलेला संघ. त्याने अलाबामाला २४-१६ असं हरवलं. बाजूच्या रेषेवर प्रशिक्षक होते सिल्व्हेस्टर क्रूम. महिना संपायच्या आत शुलांची गच्छंती झाली.

पाच आठवडे

यापुढचा शोध मूर यांची इभ्रत पणाला लावून चालला. साउथ कॅरोलिनाचे प्रशिक्षक स्टीव्ह स्परियर यांनी नकार दिला. वेस्ट व्हर्जिनियाच्या रिच रॉड्रिगेझ यांचं नक्की झाल्याच्या बातम्या आल्या आणि ८ डिसेंबरला त्यांनी आपण आहोत तिथेच राहणार असं जाहीर केलं. वर्तमानपत्रांनी संचालकांची यथेच्छ टिंगल केली.

मूर यांच्या मनात पहिल्यापासून निक सेबन होते. २००३ला लुइझियाना स्टेटला विजेतेपद मिळवून देऊन ते मायामी डॉल्फिन्सला गेले होते. पण त्यांचा हंगाम डिसेंबरअखेरपर्यंत होता आणि तोवर ते बोलायला तयार नव्हते. वर २१ डिसेंबरला त्यांनी पत्रकारांसमोर चिडून सांगून टाकलं की आपण अलाबामाचे प्रशिक्षक होणार नाही. एखाद्या दुसऱ्या संचालकाने यादीतलं पुढचं नाव घेतलं असतं. लोक तेच मागत होते.

मूर थांबले. नववर्षाच्या दिवशी विद्यापीठाचं विमान घेऊन दक्षिण फ्लोरिडाला गेले. सेबनना घेतल्याशिवाय मी आलो तर विमान सरळ क्यूबाला न्या, असं त्यांनी वैमानिकांना बजावल्याचा किस्सा अलाबामात अजून सांगतात. तिथे गेल्यावर त्यांनी दबाव आणला नाही की मुदत घातली नाही. सेबन यांच्या पत्नी टेरी यांना कॉलेजच्या गावातलं आयुष्य आवडायचं, हे मूर यांनी ओळखलं आणि तिकडे लक्ष दिलं. शाळकरी खेळाडू मिळवायला गेलेला साहाय्यक प्रशिक्षक नेमकं हेच करतो: पोराशी थोडं बोलतो, आईशी जास्त. डॉल्फिन्सचे मालक वेन हायझेंगा सेबनना थांबवू पाहत होते, सेबनचं मन दोन्हीकडे ओढत होतं आणि हे सदुसष्ट वर्षांचे गृहस्थ शांतपणे वाट बघत होते. ३ जानेवारी २००७ला विमान टस्कलूसाला उतरलं तेव्हा आत सेबन होते आणि विमानतळावर जत्रा लोटली होती.

करार आठ वर्षांचा, ३ कोटी २० लाख डॉलरचा. सरकारी विद्यापीठाने फुटबॉल प्रशिक्षकाला वर्षाला ४० लाख डॉलर द्यावेत का, यावर देशभर चर्चा झाली. व्हायलाच हवी होती. हा पैसा प्रामुख्याने तिकिटं, दूरचित्रवाणी आणि देणग्या यांतून येतो. चांगली जागा विकत घ्यायचा हक्क टिकवायला दरवर्षी वेगळी देणगी द्यावी लागते, अशी तिथली पद्धत. म्हणजे संघ जिंकत राहिला तरच गाडा चालतो आणि तो चालावा म्हणून प्रशिक्षकावर आणखी खर्च करावा लागतो. या चक्राला मूर यांनी गती दिली, हे त्यांच्या चाहत्यांनीही नाकारू नये.

पैशाइतकीच महत्त्वाची ठरली ती आधीची तयारी. शिक्षा भोगत असतानाच, संघ हरत असतानाच, मूर यांनी देणगीदारांकडून पैसा उभा करून बांधकामं काढली होती. त्यांच्या कारकिर्दीत २० कोटी डॉलरहून जास्त रक्कम इमारतींवर खर्च झाली. स्टेडियमची उत्तर बाजू २००६ला पूर्ण होऊन क्षमता ९२,१३८ झाली. २०१०ला दक्षिण बाजू झाल्यावर १,०१,८२१. सेबन आले तेव्हा सरावाची, व्यायामाची, अभ्यासाची जागा तयार होती. प्रशिक्षकाला रोज काय लागतं, कुठे त्याचा वेळ वाया जातो, हे मूर यांना तीस वर्षांच्या रोजच्या कामातून कळलेलं होतं.

आणि नेमणूक झाल्यावर त्यांनी जे केलं ते अनेक संचालकांना जमत नाही. ते बाजूला झाले. फुटबॉलचा कारभार पूर्णपणे सेबनच्या हाती; देणगीदारांची लुडबुड अडवायची, मागितलेलं आणून द्यायचं, श्रेय घ्यायला पुढे यायचं नाही. पदाने वरिष्ठ असलेला माणूस पुन्हा साहाय्यक झाला होता. पहिल्या हंगामात लुइझियाना-मन्रोसारख्या छोट्या संघाकडून घरच्या मैदानावर २१-१४ अशी हार पत्करली तरी संचालकांच्या कचेरीतून चकार शब्द आला नाही. २००८ला १२ विजय. २००९ला १४ पैकी १४, आणि ७ जानेवारी २०१०ला पॅसाडीनात टेक्सासला ३७-२१ असं हरवून सतरा वर्षांनी विजेतेपद. त्याच महिन्यात शार्लट वारल्या.

जमा आणि खर्च

खर्चाच्या बाजूला एक मोठी रक्कम मांडायला हवी. २००७ला असं उघड झालं की शिष्यवृत्तीतून मिळणारी पाठ्यपुस्तकं काही खेळाडू दुसऱ्यांसाठीही उचलत होते. आकडा लहान नव्हता; १६ खेळांमधले खेळाडू त्यात सापडले. जून २००९मध्ये एनसीएएने तीन वर्षांची देखरेख लावली आणि फुटबॉलचे २००५ ते २००७ या काळातले २१ विजय नोंदींतून काढून टाकले. हा कुणा बाहेरच्या धनिकाचा उपद्व्याप नव्हता. पुस्तकांच्या दुकानातल्या पावत्या वेळेवर तपासल्या असत्या तर थांबलं असतं. माणसं सांभाळण्यात वाकबगार असलेल्या संचालकाचं कागदांकडे लक्ष कमी पडलं, हा आक्षेप इथे खरा ठरतो. फ्रँचिओनींच्या करारावर न झालेली सही याच खात्यात जाते.

जमेच्या बाजूला फुटबॉलखेरीजही बरंच आहे. २०११-१२ या एका शैक्षणिक वर्षात अलाबामाने चार राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली: फुटबॉल, जिम्नॅस्टिक्स, सॉफ्टबॉल आणि महिलांचं गोल्फ. यातली तीन महिला संघांची. फुटबॉलच्या पैशावर बाकीचे खेळ जगतात हे तिथे सगळेच मान्य करतात. पण पैसा सगळीकडे पोचतोच असं नाही, इथे पोचला. विद्यापीठाची विद्यार्थिसंख्याही २००३च्या सुमाराच्या वीस हजारांवरून दहा वर्षांत तेहतीस हजारांवर गेली. त्याचं श्रेय फुटबॉलला किती आणि अध्यक्ष विट यांच्या प्रवेशधोरणाला किती, यावर वाद घालायला जागा आहे. विट यांचं पारडं जड असावं असं मला वाटतं.

७ जानेवारी २०१३ला अलाबामाने मायामी गार्डन्समध्ये नोत्र दामला ४२-१४ असं लोळवलं. तीस वर्षांपूर्वी मूर यांना नोकरी देणारं तेच नोत्र दाम. मूर यांचं ते दहावं विजेतेपद. तोवर फुप्फुसांनी साथ सोडायला सुरुवात केली होती. २० मार्चला त्यांनी पद सोडलं. फुप्फुस-प्रत्यारोपणाच्या आशेने ते ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात होते. ३० मार्च २०१३ला तिथेच गेले, वयाच्या ७३व्या वर्षी. फुटबॉल संघाच्या इमारतीला त्यांचं नाव २००७लाच देऊन झालं होतं.

त्यांच्या जागी विद्यापीठाने बिल बॅटल यांना आणलं. तेही १९६१च्या संघातले, म्हणजे निवड पुन्हा ब्रायंटच्याच घरातली. फरक इतकाच की बॅटल टेनेसीत सात हंगाम मुख्य प्रशिक्षक राहिलेले होते आणि त्यानंतर त्यांनी विद्यापीठांची नावं व बोधचिन्हं टी-शर्टांवर, टोप्यांवर छापायचे परवाने विकणारी कंपनी काढून चालवली होती. पहिलं गिऱ्हाईक होते बेअर ब्रायंट.